ईटन मॅनर बॉइज क्लब

ईटन मॅनर बॉइज क्लब हा पूर्व लंडनमधील हॅकनी विक या कामगार वस्तीतील मुलग्यांचा क्लब होता. ईटन कॉलेज या इंग्लंडमधील प्रसिद्ध निवासी शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी तो विसाव्या शतकाच्या आरंभी उभा केला आणि १९६७ साली तो बंद होईपर्यंत मुख्यतः स्वतःच्या पैशातून चालवला. शाळा सोडून कामाला लागलेल्या १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना संध्याकाळी हक्काची जागा, खेळ, वाचन आणि सोबत मिळावी, हा क्लबचा हेतू होता. क्लबच्या मालकीचे ‘द वाइल्डरनेस’ नावाचे सुमारे ३० एकरांचे क्रीडांगण होते. मुष्टियुद्धात सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा हॅरी मॅलिन हा क्लबचा सर्वांत नामांकित सदस्य होय. २०१२ च्या लंडन ऑलिंपिक व पॅरालिंपिक स्पर्धांमध्ये याच क्रीडांगणाच्या जागी ‘ईटन मॅनर’ नावाचे क्रीडासंकुल उभारण्यात आले.

पार्श्वभूमी

ईटन कॉलेजची स्थापना इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याने १४४० साली केली. ही शाळा लंडनच्या पश्चिमेस, थेम्स नदीच्या काठी, विंडसरच्या राजवाड्यासमोर आहे. इंग्लंडमध्ये अशा शाळांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात. नावावरून त्या सर्वांसाठी खुल्या असाव्यात असे वाटले, तरी प्रत्यक्षात त्या मोठे शुल्क आकारणाऱ्या खासगी शाळा आहेत. ब्रिटनचे अनेक पंतप्रधान ईटनचे विद्यार्थी होते. भारताचे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचे शिक्षणही याच शाळेत झाले.

हॅकनी विक ही वस्ती लंडनच्या विरुद्ध टोकाला, ली नदी आणि तिच्या कालव्याच्या काठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे रसायने, रंग, तेलशुद्धी आणि मिठाई यांचे कारखाने दाटीने उभे राहिले. अलेक्झांडर पार्क्स याने ‘पार्केसीन’ या आद्य प्लॅस्टिकच्या उत्पादनासाठी १८६६ साली कंपनी स्थापन केली, ती याच भागात. कारखान्यांच्या आधाराने राहणाऱ्या कामगारांची घरे लहान व दाटीची होती. काम बहुधा हंगामी वा रोजंदारीचे असे. नदीकाठची सखल जमीन, ओल आणि धूर यांमुळे आरोग्याची स्थिती वाईट होती.

इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने प्राथमिक शाळांचे जाळे उभारण्यास आरंभ झाला आणि १८८० साली १० वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. ही मर्यादा १८९९ मध्ये १२ वर्षांवर आणि १९१८ च्या कायद्याने १४ वर्षांवर नेण्यात आली. शाळा सुटताच कामगारांची मुले कारखान्यात, दुकानात किंवा हमालीच्या कामावर जात. दिवसभराच्या कामानंतर घरात बसायला जागा नसे. उरे तो रस्ता. शाळेचे छत्र संपलेले आणि प्रौढांच्या संस्थांमध्ये अद्याप प्रवेश नसलेला हा चार-पाच वर्षांचा काळ कोणी सांभाळायचा, हा प्रश्न त्या पिढीतील समाजसेवकांपुढे होता. मुलांचे क्लब हे त्याला मिळालेले एक उत्तर होते. असे क्लब इतके वाढले की १८८७ साली लंडनमध्ये त्यांचा महासंघ स्थापन झाला आणि १९२५ साली राष्ट्रीय पातळीवरील संघटना अस्तित्वात आली.

ईटन मिशन

१८७० आणि १८८० च्या दशकांत इंग्लंडमधील पब्लिक स्कूल आणि विद्यापीठांतील महाविद्यालये शहरांतील गरीब वस्त्यांत ‘मिशन’ स्थापन करू लागली. शाळेने एक वस्ती निवडायची, तेथे धर्मगुरू नेमायचा, आजी-माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढायची आणि शक्य असेल त्यांनी स्वतः जाऊन काम करायचे, अशी ही पद्धत होती. विंचेस्टर, हॅरो, मार्लबरो, चार्टरहाउस आदी शाळांची अशी मिशन होती.

ईटन कॉलेजने १८८० साली हॅकनी विक येथे आपले मिशन सुरू केले. विल्यम कार्टर हे त्याचे पहिले प्रमुख. पुढे ते दक्षिण आफ्रिकेत बिशप व नंतर केपटाउनचे आर्चबिशप झाले. मिशनसाठी वास्तुविशारद जॉर्ज फ्रेडरिक बॉडली यांनी ‘सेंट मेरी ऑफ ईटन’ हे चर्च बांधले. ते आजही उभे आहे. उपासनेबरोबरच मिशनच्या आवारात मुलांसाठी क्लब, खेळ आणि वर्ग चालत. ली नदीवर मिशनच्या नावाचा नौकानयन क्लबही निघाला.

अशा मिशनांमध्ये एक उणीव सर्वत्र आढळे. शाळेतून पैसा नियमित येई, पण माणसे येत आणि जात. विद्यापीठातून बाहेर पडलेला तरुण वर्ष-सहा महिने वस्तीत राही, मग नोकरी, लग्न वा राजकारण यांत गुंतून परत फिरे. ईटन मॅनर क्लबचे वेगळेपण येथूनच सुरू होते. त्याचे संस्थापक आले ते परत गेले नाहीत.

क्लबची स्थापना

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जेराल्ड वेलस्ली या माजी विद्यार्थ्याने मिशनच्या मुलांच्या क्लबचे काम हाती घेतले. त्याच सुमारास आर्थर व्हिलियर्स, एडवर्ड कॅडोगन आणि आल्फ्रेड वॅग हे ईटनचे आणखी तीन माजी विद्यार्थी या कामात आले. क्लबमधून वयाच्या १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांना पुढे काय, हा प्रश्न लवकरच उभा राहिला आणि त्यांच्यासाठी ‘ओल्ड बॉइज’, म्हणजे माजी सदस्यांचा, स्वतंत्र क्लब निघाला. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा या चौघांनी वस्तीतील मॅनर फार्म नावाची जुनी शेतवाडी विकत घेतली. ‘ईटन मॅनर’ या नावातील ‘मॅनर’ हा शब्द या वाडीवरून आला.

रायझहोम स्ट्रीटवरील या जागेत क्लबची नवी इमारत १९१३ साली उभी राहिली. क्लब हळूहळू मिशनपासून स्वतंत्र झाला. त्याचा भर धर्मोपदेशावर नव्हता. तो खेळ, शिस्त आणि परस्परांची सोबत यांवर होता.

चार विश्वस्त

जेराल्ड वेलस्ली हे क्लबचे आरंभीचे प्रमुख संघटक होते. मुलांमध्ये प्रत्यक्ष वावरून क्लबची घडी त्यांनी बसवली.

आर्थर व्हिलियर्स (१८८३–१९६९) हे जर्सीच्या सातव्या अर्लचे पुत्र. ईटन आणि ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर ते बँकिंगच्या व्यवसायात आले आणि पुढे बेअरिंग्ज या लंडनमधील जुन्या खासगी बँकेचे संचालक झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी घोडदळात सेवा केली. ते अविवाहित राहिले. लंडनच्या श्रीमंत पश्चिम भागात सहज राहू शकले असते. परंतु त्यांनी क्लबच्या परिसरातच घर केले. दिवसा शहरातील बँकेत आणि संध्याकाळी क्लबमध्ये, असा त्यांचा अनेक दशकांचा क्रम होता. क्लबचा सर्वांत मोठा आर्थिक आधारही तेच होते.

एडवर्ड कॅडोगन (१८८०–१९६२) हे पाचव्या अर्ल कॅडोगन यांचे पुत्र, बॅरिस्टर आणि हुजूर पक्षाचे खासदार होते. बालगुन्हेगारी आणि तुरुंगसुधारणा हे त्यांचे अभ्यासाचे विषय. न्यायालयाने दिल्या जाणाऱ्या फटक्यांच्या शिक्षेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९३८ साली सादर झालेल्या या समितीच्या अहवालाने ती शिक्षा रद्द करण्याची शिफारस केली. महायुद्धामुळे तो विषय लांबला. अखेर १९४८ च्या फौजदारी न्याय कायद्याने न्यायालयीन फटक्यांची शिक्षा बंद झाली. रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांशी क्लबमध्ये अनेक वर्षे आलेला संबंध आणि त्यांचे हे सार्वजनिक कार्य यांचा विषय एकच होता.

आल्फ्रेड वॅग हे हेल्बर्ट वॅग या लंडनमधील वित्तसंस्थेशी संबंधित घराण्यातले. क्लबला त्यांचे आर्थिक साहाय्य दीर्घकाळ मिळाले. क्लबच्या नियतकालिकाचे नाव ‘चिन-वॅग’ असे होते. बोली इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गप्पागोष्टी असा होतो आणि त्यात वॅग यांचे आडनावही आपोआप येते.

कामकाज

क्लबचे दोन भाग होते. १४ ते १८ वर्षांच्या मुलांचा मूळ क्लब आणि त्यापुढील वयाच्या सदस्यांचा ओल्ड बॉइज क्लब. या रचनेमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी आलेला मुलगा पुढे नोकरी, लग्न आणि संसार होऊनही क्लबशी जोडलेला राही. काही घरांतील वडील आणि मुलगे दोघेही क्लबचे सदस्य होते. अशा रीतीने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या संस्थेला तिचे स्वतःचे माजी विद्यार्थी लाभले आणि खेळांचे मार्गदर्शन, शिबिरांची व्यवस्था व नवागतांची देखभाल यांचा बराच भार त्यांनी उचलला.

इमारतीत व्यायामशाळा, मुष्टियुद्धाचा सराव, बिलियर्ड्स आणि वाचनालय यांची सोय होती. सदस्यत्वासाठी नाममात्र वर्गणी असे. ती मुद्दाम ठेवलेली होती. फुकट मिळालेल्या गोष्टीत उपकाराची भावना राहते आणि वर्गणी भरणारा मुलगा हक्काने येतो, असा मुलांच्या क्लबांच्या चळवळीतला सर्वसाधारण विचार होता. खर्चाच्या मानाने वर्गणीचे उत्पन्न अगदी थोडे असे. उरलेला भार विश्वस्त उचलत.

दरवर्षी उन्हाळ्यात क्लबचे शिबिर ईटनजवळ थेम्सच्या काठी ‘ककू विअर’ येथे भरे. ईटनच्या विद्यार्थ्यांचे हे नेहमीचे पोहण्याचे ठिकाण होते. कारखान्यातील मुलांना वर्षातून काही दिवस मोकळी हवा, नदी आणि तंबूतील मुक्काम मिळे. लंडनबाहेर जाण्याचा त्यांतील अनेकांचा हा पहिलाच प्रसंग असे.

क्लब केवळ मुलग्यांसाठी होता. त्या काळातील बहुतेक क्लबांची रीत तीच होती. मुलींसाठीचे क्लब लंडनमध्ये वेगळे चालत.

द वाइल्डरनेस

दाट वस्तीत मैदानी खेळांना जागा नव्हती. म्हणून पहिल्या महायुद्धानंतर विश्वस्तांनी ली नदीपलीकडे, लेटन भागातील टेंपल मिल्स येथे सुमारे ३० एकर पडीक जमीन मिळवली. तिचा काही भाग कचरा टाकण्यासाठी वापरला जात असे. जमीन सपाट करून, हिरवळ लावून १९२० च्या दशकात तेथे क्रीडांगण तयार झाले. ओसाड रान या अर्थाचे ‘द वाइल्डरनेस’ हे नाव जमिनीच्या मूळ स्थितीची आठवण देते. फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, टेनिस आणि धावण्याच्या शर्यती या सर्वांसाठी तेथे सोय झाली. एखाद्या कामगार वस्तीतील मुलांच्या क्लबच्या मालकीचे एवढे मोठे मैदान ही इंग्लंडमध्येही विरळ गोष्ट होती.

क्लबच्या रग्बी संघाची स्थापना १९२८ साली झाली. इंग्लंडमध्ये, विशेषतः लंडनच्या परिसरात, रग्बी हा प्रामुख्याने पब्लिक स्कूलमध्ये शिकलेल्यांचा आणि फुटबॉल कामगारांचा खेळ मानला जाई. या पार्श्वभूमीवर हॅकनी विकच्या मुलांचा रग्बी संघ उभा राहणे लक्षणीय होते.

१९४८ चे ऑलिंपिक लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर भरले. स्पर्धा आटोपल्यावर तेथील जळक्या कोळशाच्या राखेची धावपट्टी काढण्यात आली आणि ती वाइल्डरनेसवर आणून बसवण्यात आली. एमिल झाटोपेक आणि फॅनी ब्लँकर्स-कोएन यांसारखे धावपटू ज्या पट्टीवर धावले, तीच पट्टी हॅकनी विकच्या मुलांना सरावासाठी मिळाली.

हॅरी मॅलिन

हॅरी मॅलिन (१८९२–१९६९) हा क्लबमध्ये घडलेला मुष्टियोद्धा व्यवसायाने लंडनच्या पोलिस दलात होता. हौशी मुष्टियुद्धात त्याने १९१९ ते १९२३ अशी सलग पाच वर्षे मिडलवेट गटातील राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक पटकावले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील उपान्त्यपूर्व लढतीत फ्रान्सच्या रॉजर ब्रूसला विजयी घोषित करण्यात आले. परंतु मॅलिनच्या छातीवर चावल्याच्या खुणा आढळल्या. तक्रारीची चौकशी होऊन ब्रूस बाद ठरला आणि मॅलिन पुढील फेरीत गेला. अंतिम लढतीत आपलाच देशबंधू जॉन इलियट याला हरवून त्याने सुवर्णपदक राखले. ऑलिंपिक मुष्टियुद्धातील विजेतेपद टिकवणारा तो पहिला खेळाडू ठरला. त्याने व्यावसायिक मुष्टियुद्ध कधीच स्वीकारले नाही. त्याचा भाऊ फ्रेड मॅलिन यानेही पुढे मिडलवेट गटातील राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९३७ साली बीबीसीने दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या मुष्टियुद्धाचे समालोचन हॅरी मॅलिनने केले. दूरचित्रवाणीवरील या खेळाचे ते पहिल्या काही समालोचनांपैकी एक होते.

महायुद्धांचा काळ

नवी इमारत उभी राहून जेमतेम एक वर्ष होते, तोच पहिले महायुद्ध सुरू झाले. क्लबचे तरुण सदस्य आणि विश्वस्त दोघेही सैन्यात गेले. युद्धात मृत्यू पावलेल्या सदस्यांचे स्मारक पुढे वाइल्डरनेसवर उभारण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात पूर्व लंडन हे जर्मन बॉम्बहल्ल्यांचे मुख्य लक्ष्य होते. ७ सप्टेंबर १९४० पासून सुरू झालेल्या हल्ल्यांत गोद्या, कारखाने आणि त्यांच्याभोवतीच्या वस्त्या यांचा मोठा विध्वंस झाला. सदस्यांची घरे व कुटुंबे विखुरली. युद्धानंतर क्लबचे काम पुन्हा जोमाने सुरू झाले. परंतु ज्या दाट वस्तीतून त्याला सदस्य मिळत, ती वस्ती पूर्वीसारखी राहिली नव्हती. बॉम्बहल्ले आणि नंतरची पुनर्रचना यांमुळे अनेक कुटुंबे लंडनच्या बाहेरील नव्या वसाहतींत गेली.

समकालीन संस्था

शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी चालवलेल्या क्लबांपैकी ईटन मॅनर हा सर्वांत साधनसंपन्न म्हणता येईल. परंतु तो एकटा नव्हता. हॅरो शाळेने १८८३ साली पश्चिम लंडनच्या नॉटिंग डेल भागात सुरू केलेल्या मिशनमधून निघालेला हॅरो क्लब आजही युवककार्य करतो.

हेलिबरी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी पूर्व लंडनच्या स्टेप्नी भागात हेलिबरी हाउस हा मुलांचा क्लब चालवला. हेलिबरीचा भारताशी जुना संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीने भारतात पाठवायच्या सनदी नोकरांच्या प्रशिक्षणासाठी १८०६ साली स्थापन केलेले कॉलेज १८०९ पासून याच आवारात होते. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रिअर तेथेच शिकले. ते कॉलेज १८५८ मध्ये बंद झाले आणि त्याच वास्तूत १८६२ मध्ये नवी शाळा सुरू झाली. या नव्या शाळेचे माजी विद्यार्थी क्लेमंट ॲटली हे १९०५ साली शाळेच्या क्लबला सहज भेट द्यायला म्हणून गेले. १९०७ साली ते क्लबचे व्यवस्थापक होऊन तेथेच राहू लागले. स्टेप्नीतील दारिद्र्य जवळून पाहिल्यावर, व्यक्तिगत दानधर्माने हा प्रश्न सुटणारा नाही, त्यासाठी कायदे व राज्ययंत्रणा बदलली पाहिजे, या निष्कर्षाला ते आले आणि १९०८ साली इंडिपेंडंट लेबर पार्टीचे सदस्य झाले. १९४५ साली पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या सरकारने राष्ट्रीय आरोग्य सेवा व सामाजिक विम्याचे कायदे केले. भारताला स्वातंत्र्य देणारा १९४७ चा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीतला.

ईटन मॅनरचे विश्वस्त आणि ॲटली हे एकाच पिढीतील, जवळपास सारख्या शाळांत शिकलेले आणि एकमेकांपासून काही किलोमीटर अंतरावर तेच काम करणारे. विश्वस्तांनी एका वस्तीतील संस्था आयुष्यभर सांभाळली. ॲटली यांनी क्लब सोडून राजकारणाचा मार्ग धरला. युवककार्याच्या इतिहासात हे दोन्ही मार्ग सोबत ठेवून पाहणे उपयुक्त ठरते.

भारताशी संबंध

ब्रिटिश सरकारने १९२७ साली नेमलेल्या सायमन आयोगात सात सदस्य होते. त्यांपैकी मजूर पक्षाचे क्लेमंट ॲटली आणि हुजूर पक्षाचे एडवर्ड कॅडोगन हे दोघे पूर्व लंडनमधील मुलांच्या क्लबांतून आलेले होते. आयोग ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईत उतरला. एकही भारतीय सदस्य नसल्याने त्याला काळ्या निशाणांना तोंड द्यावे लागले. ‘सायमन, परत जा’ ही घोषणा मुंबईचे युसूफ मेहेरअली यांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य समाजाच्या वतीने २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात या आयोगापुढे साक्ष दिली. कॅडोगन यांनी या दौऱ्याच्या आठवणी ‘द इंडिया वुई सॉ’ या १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिल्या.

शाळांच्या मिशनांना समांतर अशी ‘सेटलमेंट’ चळवळ १८८४ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील टॉयन्बी हॉलपासून सुरू झाली. शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत राहून काम करावे, ही तिची कल्पना. ती अमेरिकेमार्गे मुंबईत पोहोचली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. याच कामातून १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. आज ते टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

क्लबचा शेवट

१९६० च्या दशकात लंडनमध्ये नव्या मोठ्या रस्त्यांची आखणी झाली. त्यांपैकी ‘ईस्ट क्रॉस रूट’ हा मार्ग हॅकनी विकमधून जाणार होता आणि क्लबची इमारत त्याच्या आड येत होती. १९६७ साली क्लब बंद झाला आणि इमारत पाडण्यात आली.

रस्ता हे निमित्त मोठे होते. तरी परिस्थितीही बदललेली होती. विश्वस्त वृद्ध झाले होते. कॅडोगन १९६२ मध्ये निवर्तले होते. शाळा सोडण्याचे वय १९४७ पासून १५ झाले होते. १९६० च्या आल्बेमार्ल समितीच्या अहवालानंतर शासन युवककार्यावर अधिक खर्च करू लागले होते आणि मुलगे व मुली यांचे एकत्र क्लब वाढत होते. व्हिलियर्स १९६९ साली वारले.

मूल्यमापन

ईटन मॅनरकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एका दृष्टीने तो श्रीमंतांनी गरिबांवर धरलेल्या छत्राचा नमुना आहे. खेळ, शिस्त, संघभावना यांची मूल्ये विश्वस्तांनी आपल्या शाळेतून आणली आणि क्लबचे मोठे निर्णयही त्यांच्याच हाती राहिले. वस्तीतील घरांची स्थिती, रोजगार आणि आरोग्य यांवर क्लबचा परिणाम होऊ शकला नाही. ते बदल कायद्यांनी आणि नगरपालिकांच्या गृहबांधणीने घडले. मुलींना क्लबमध्ये स्थान नव्हते.

दुसऱ्या दृष्टीने या क्लबचे यश त्याच्या सातत्यात आहे. देणगी देऊन दूर राहणारे आश्रयदाते अनेक संस्थांना मिळतात. येथे देणारे स्वतः वस्तीत राहिले आणि त्यांनी मुलांची नावे, घरे व अडचणी पन्नास वर्षे लक्षात ठेवल्या. क्लबमधून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी जपलेला आपलेपणा क्लब बंद झाल्यानंतरही टिकला. माजी सदस्यांचे मेळावे पुढे अनेक वर्षे होत राहिले.

मात्र हेच बळ क्लबची मर्यादाही ठरले. संस्था चार माणसांच्या पैशावर आणि वेळेवर उभी होती. त्यांच्यानंतर ईटनच्या माजी विद्यार्थ्यांची पुढची पिढी तशाच तयारीने आली नाही आणि हॅकनी विकच्या माजी सदस्यांकडे संस्थेची मालकी कधीच आलेली नव्हती. जे माजी सदस्य स्वतःच्या बळावर खेळत राहिले, त्यांचे संघ मात्र टिकले.

वारसा

ईटन मॅनर रग्बी क्लब आजही पूर्व लंडनमध्ये खेळतो. व्हिलियर्स यांच्या नावाचा ‘व्हिलियर्स पार्क’ हा शैक्षणिक न्यास अल्प उत्पन्न गटातील हुशार विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणापर्यंत पोहोचवण्याचे काम करत आला.

वाइल्डरनेसची जमीन पुढे ली नदीखोऱ्याच्या विकासासाठी स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या क्षेत्रात आली. मैदान काही काळ वापरात राहून नंतर दुर्लक्षित झाले. २०१२ च्या स्पर्धांसाठी पूर्व लंडनची निवड झाल्यावर ही जागा ऑलिंपिक पार्कच्या उत्तर टोकाला आली आणि तिचे ‘ईटन मॅनर’ हे नाव कायम ठेवण्यात आले. ऑलिंपिकच्या काळात येथे जलतरणपटूंच्या सरावाचे तलाव होते. पॅरालिंपिकमधील व्हीलचेअर टेनिसच्या स्पर्धा येथेच झाल्या. युद्धात मृत्यू पावलेल्या क्लबच्या सदस्यांची स्मारके जपून या परिसरात पुन्हा बसवण्यात आली.

२०१४ पासून येथे ली व्हॅली हॉकी व टेनिस केंद्र आहे. २०१६ ची पुरुषांची चॅम्पियन्स ट्रॉफी हॉकी स्पर्धा येथे झाली. तीत भारताने ऑस्ट्रेलियाशी अंतिम सामना खेळून प्रथमच रौप्यपदक मिळवले. २०१८ च्या महिला विश्वचषक हॉकी स्पर्धेतही भारतीय संघ येथे उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. जमिनीचा खेळासाठीचा उपयोग अशा प्रकारे टिकून राहिला. केंद्राची मैदाने शाळांना आणि परिसरातील खेळाडूंना सरावासाठी उपलब्ध असतात. पूर्वीच्या मुलग्यांच्या क्लबमध्ये ज्यांना प्रवेश नव्हता, त्या मुलीही आता येथे खेळतात.

हेही पहा

ईटन कॉलेज
टॉयन्बी हॉल
क्लेमंट ॲटली
सायमन आयोग
टाटा समाजविज्ञान संस्था
२०१२ उन्हाळी ऑलिंपिक